वाटून दिलेले प्रश्न

"दुसरा प्रश्न कुणाचा?" बाईंनी विचारलं, आणि खिडकीजवळच्या मुलानं हात वर केला.

"कधी विचारायचा?" बाईंनीच पुढं विचारलं.

"मेणबत्ती विझल्यावर. जरा विचार केल्यासारखं करून."

वर्गात खसखस पिकली. बाई मात्र हसल्या नाहीत. तपासनीस साहेब मोठ्या बाईंच्या खोलीत चहा घेत होते, आणि एका कपाला असा कितीसा वेळ लागणार?

मुलांनी विज्ञान स्वतः प्रश्न विचारून, आपल्या हातांनी करून शिकावं, असं नवं फर्मान निघालं होतं. बाईंना ते मनापासून पटलं होतं. पण आजच्या शेऱ्यावर त्यांचं कायम होणं ठरणार होतं. अकरा वर्षं त्या तात्पुरत्या होत्या. दरवर्षी सुट्टी संपली की म्हातारी आई विचारायची, "आलं का गं पत्र?" तेव्हा आज काही दैवावर सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सहा प्रश्न काढले, चिठ्ठ्यांवर लिहून सहा मुलांना दिले आणि तीनदा तालीम घेतली. कुतूहलाची तालीम! त्यांचं त्यांनाच हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

शेपटीला त्यांनी चिठ्ठी दिली नव्हती. शेपटी हे शिक्षकांनीच पाडलेलं नाव. कुठलंही उत्तर द्या, ही मुलगी त्याला आणखी एका प्रश्नाची शेपटी लावायचीच. परवा तालमीत ती म्हणाली होती, "बाई, मी घरी त्याच बरणीखाली तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी जास्त चढलं. प्राणवायू जळून गेला म्हणून पाणी वर येतं ना? मग बरणी तीच, हवा तेवढीच, तर पाणी जास्त कसं?"

"तपासणी होऊ दे, मग बघू," असं म्हणून बाईंनी तिच्या हातात प्रयोगाचं तयार चलचित्र दाखवायला टॅबलेट दिला होता. दोन्ही हात गुंतले की हात वर होत नाही.

साहेब आले, मागच्या बाकावर बसले, फॉर्म मांडीवर घेतला. बाईंनी ताटलीतल्या रंगीत पाण्यात मेणबत्ती पेटवली, वर काचेची बरणी पालथी घातली. पहिला प्रश्न आला. ज्योत बारीक होत विझली आणि पाणी वर सरकू लागलं. शेपटीच्या हातातल्या टॅबलेटवर तेच चित्र हलत होतं. तिथलं पाणी पुस्तकातल्यासारखं बरोबर एक पंचमांशावर थांबलं, हवेत प्राणवायू असतो तेवढ्यावर. खिडकीजवळच्या मुलानं हनुवटीला बोट लावून दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा, चौथा, पाचवा. कुणी अडखळलं नाही. साहेब मान डोलावत लिहीत होते. सहावा प्रश्न संपला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

"छान," साहेब उठत म्हणाले. मग त्यांची नजर टॅबलेटकडे गेली. "तू काहीच विचारलं नाहीस, बाळ?"

दाराशी उभ्या असलेल्या मोठ्या बाईंनी नुसते डोळे वटारले. शेपटीनं साहेबांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मला सगळं समजलं."

चिठ्ठीवाल्या सहाही जणांहून तिनं ते सफाईनं म्हटलं. डोळ्याची पापणी हलली नाही. साहेबांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. अकरा वर्षं जे जमलं ते आणखी अर्धं मिनिट. बाईंनी ओढणीच्या टोकानं हात पुसले. हात कोरडेच होते.

"साहेब, ती खोटं बोलतेय," त्या म्हणाल्या.

साहेब दाराशी थांबले.

"तिला प्रश्न आहे. मीच तिला गप्प बसवलंय. बाकीच्यांचे प्रश्नही मीच लिहून दिलेत." मग त्यांनी तीन मेणबत्त्यांची हकीकत सांगितली, एक शब्द न गाळता.

"बरं," साहेब म्हणाले. "मग उत्तर काय त्याचं?"

"मला माहीत नाही."

साहेबांनी बरणीकडे पाहिलं, टॅबलेटकडे पाहिलं. पुढचा वर्ग कुठला, असं त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं आणि फॉर्म काखेत घालून ते बाहेर पडले. मोठ्या बाई जाताना एवढंच म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत येऊन भेटा."

शेपटी टॅबलेट बाकावर ठेवून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि ती चांगलीच रागावली होती.

"मी गप्प बसले होते ना, बाई. तुमच्यासाठी बसले होते. आई म्हणाली, आज बाईंची परीक्षा आहे."

"बसली होतीस," बाई म्हणाल्या. "किती छान जमलं तुला. तेच मला बघवलं नाही."

बाईंनी ताटली तिच्यापुढे सरकवली, आणि काडेपेटी तिच्या हातात दिली.