समजलं, मॅडम!

मारेनबाईंनी पिशवीतून पपई काढली आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या लिंबिकानीनं कपाळाला हात लावला.

म्हणजे यंदाही अपूर्णांकच. पहिल्या वर्षीच्या पाहुण्यानं केक कापला होता, दुसरीनं कागदाची ताटली, तिसऱ्यानं कलिंगड. चिम्वाला गावच्या शाळेत दर एप्रिलात परदेशातून कुणीतरी महिनाभर फुकट शिकवायला येई आणि अर्धा अधिक पाव इथूनच सुरुवात करी. आठवीची पोरं चौथीपासून हेच शिकत आली होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी बरोबर सांगितलं असतं. आणि इकडे परीक्षा पाच आठवड्यांवर आलेली, पुस्तकातले शेवटचे चार धडे तसेच पडलेले, आणि हेडसर कालितेरांनी लिंबिकानीचा गणिताचा तास यंदाच्या पाहुण्या मारेनबाईंना देऊन टाकलेला.

फुकट तर लिंबिकानीही शिकवायचा. माध्यमिक शाळा संपवून गावी आला तेव्हा मास्तर कमी होते. चार दिवसांसाठी म्हणून फळ्यापुढे उभा राहिला, त्याला आता पाच वर्षं झाली. फरक एवढाच, की तो आला तेव्हा कुणी स्वागताचं गाणं म्हटलं नव्हतं.

“अर्धा आणि पाव मिळून किती?” बाईंनी विचारलं.

वर्ग छताच्या पत्र्याकडे बघू लागला. मग तिसऱ्या रांगेतली एझेलिना उठली. ती लिंबिकानीची धाकटी बहीण, आठवीत दुसऱ्यांदा बसलेली. “दोन षष्ठांश, मॅडम,” ती म्हणाली आणि खिडकीकडे असा कटाक्ष टाकला की लिंबिकानी दोन पावलं मागे सरला.

बाई मात्र प्रेमानं हसल्या आणि पपई कापायला लागल्या.

हे नाटक लिंबिकानीनंच बसवलेलं होतं. पहिल्या पाहुण्यानं हाच प्रश्न विचारला तेव्हा अख्खा वर्ग बरोबर उत्तर ओरडला होता. बिचाऱ्याचा चेहरा उतरला, दुसऱ्या दिवशी तो पोट दुखतंय म्हणून आलाच नाही. हेडसरांनी लिंबिकानीला झापलं, “अरे, इतक्या लांबून माणूस ताट वाढून घेऊन आला आणि तुझी पोरं म्हणतात आमची पोटं भरलीत! शिकवणाऱ्याचं तोंड असं पाडतात का?” तेव्हापासून ठरलं. पहिल्या दिवशी चुकायचं, दुसऱ्या दिवशी अर्धंमुर्धं बरोबर, तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी अचूक. पाहुणे खूश, फोटो निघत, आणि कधी पोरांना कापलेलं फळही खायला मिळे.

लिंबिकानीला चैन पडेना. त्यानं शाळेला तीन फेऱ्या मारल्या. झाडाला टांगलेल्या चाकाच्या लोखंडी रिमवर दहा मिनिटं आधीच घंटा ठोकली आणि हेडसरांची बोलणी खाल्ली.

“सर, धडे राहिलेत हो,” तो काकुळतीला आला.

“चार आठवड्यांनी बाई जातील. मग शिकव की तू!” भुईमुगाच्या शेंगा फोडत कालितेरा म्हणाले. “एक आठवडा उरतो ना? तुझ्यासारख्या हुशार माणसाला बास आहे.”

ते ‘हुशार’ लिंबिकानीला टोचलं, पण का टोचलं याचा विचार त्यानं केला नाही. त्यानं आणखी एक फेरी मारली.

संध्याकाळी एझेलिना चुलीवर न्सिमा घोटत होती. मक्याचं पीठ घट्ट होत आलं होतं आणि ती पळी अशी फिरवत होती जणू भांड्यानंच तिचं काही बिघडवलंय.

“आज चुकायची पाळी माझी होती,” ती म्हणाली. “कशी चुकले? झकास ना?”

“उद्या हेडसरांशी परत बोलतो मी.”

“बोल. तू बोलत बस. मी यंदा नापास झाले की मावशीकडे जाऊन तिच्या पोरांची शेंबडी नाकं पुसत बसते.” हे खरंच होतं. तिसऱ्यांदा बसायला हेडसर नाही म्हणाले होते आणि मावशीचे दोन निरोप येऊन गेले होते. “दादा, तूच का नाही शिकवत? इथे, रोज संध्याकाळी? अकराव्या धड्यापासून.”

“बाईंचा विषय आहे. मध्ये ढवळाढवळ बरी दिसत नाही.”

एझेलिनानं पळी थांबवली. “बाईंचं नाव सांगू नकोस. तुला व्यस्त प्रमाण येत नाही.”

“काहीतरी बडबडू नकोस. गेल्या वर्षी शिकवलं ना मी?”

“शिकवलंस तर! सहा माणसं एक शेत आठ दिवसांत खणतात, तर चार माणसं किती दिवसांत? तू फळ्यावर लिहिलंस पाच आणि वर एक तृतीयांश. बाहेर आल्यावर पोरं म्हणत होती, ती जास्तीची दोन माणसं बहुतेक नुसती काम अडवायलाच आली होती.”

लिंबिकानीला तो फळा लख्ख आठवला. लिहितानाच उत्तर विचित्र वाटलं होतं, म्हणून त्यानं घाईनं पुसून टाकलं होतं. समजलं का, असं विचारलं होतं आणि सगळी एका सुरात ओरडली होती, “समजलं, सर!” वर टाळ्याही वाजवल्या होत्या.

“परीक्षेत तोच प्रश्न आला होता, फक्त माणसं वेगळी,” एझेलिना हळू आवाजात म्हणाली. “मी तुझ्यासारखंच केलं.”

“मग वर्गात का नाही बोललीस?”

“तूच सांगितलं होतंस ना, शिकवणाऱ्याचं तोंड पाडायचं नाही?”

“अगं, ते पाहुण्यांसाठी होतं!”

“आम्हाला काय माहीत? तूही फुकटच शिकवतोस.”

लिंबिकानीनं लाजेनं वाढलेला न्सिमा तसाच बाजूला सरकवला. बहीण नापास झाली त्या दिवशी त्यानंच तिला लक्ष नसतं म्हणून बोल लावले होते आणि तिनं ते मुकाट ऐकून घेतले होते. सांगितलं तर शाळेत काय इज्जत राहील, आणि नाही सांगितलं तर या पोरीचं काय, असं त्याच्या डोक्यात उजाडेपर्यंत चालू राहिलं.

दुसरा दिवस तसाच गेला. पाय वर्गाच्या दारापर्यंत जात आणि मागे फिरत. तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे एकतीसही पोरांनी “तीन चतुर्थांश!” असा गजर केला. मारेनबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. त्या फोटोसाठी फोन काढत होत्या, तेवढ्यात लिंबिकानी आत शिरला.

“मॅडम, माफ करा. यांना हे चौथीपासून येतं.”

फळवाटपावर देखरेख करायला आलेले हेडसर दारात जोरात खोकले.

“मग चुकत का होते?” बाईंनी विचारलं.

“मीच चुकायला शिकवलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.”

बाई कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी फोन ठेवला, फळा पुसला, पुसलेला फळा पुन्हा पुसला. मग वर्गाकडे वळून कोरड्या आवाजात म्हणाल्या, “ठीक आहे. मग काय येत नाही?”

एकतीस माना खाली गेल्या, एझेलिनाचीसुद्धा. लिंबिकानी वाट बघत राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं की पोरं आत्ताही त्यालाच सांभाळून घेतायत.

“अकरावा धडा,” तो म्हणाला. “व्यस्त प्रमाण. मी यांना चुकीचं शिकवलं. मला ते येतच नाही.”

हेडसरांचा खोकला थांबला. लिंबिकानी चालत गेला आणि तिसऱ्या रांगेत बहिणीशेजारी बसला. बाक ठेंगणा होता, गुडघे छातीला लागले. एझेलिना सरकली आणि वहीचं मधलं पान फाडून त्याच्यापुढे ठेवलं.

मारेनबाईंनी पुस्तक मागून घेतलं, वाचलं आणि भरभर शिकवलं. रागात होत्या, त्यामुळे जरा जास्तच भरभर. सहा माणसं, आठ दिवस, गुणाकार, भागाकार, उत्तर बारा. खडू ठेवून त्यांनी विचारलं, “समजलं?”

“समजलं, मॅडम!” वर्ग एका सुरात ओरडला आणि टाळ्या वाजल्या.

लिंबिकानीनं पुढ्यातल्या कागदाकडे पाहिलं. टाळ्या संपायच्या आत त्यानं हात वर केला.

“मॅडम, मला नाही समजलं. आधी गुणाकार का केला?”

टाळ्या विरल्या. एझेलिनानं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे.

“मलाही नाही समजलं,” ती म्हणाली आणि तिचाही हात वर गेला. मागच्या रांगेतून आणखी एक हात आला, मग खिडकीजवळचे दोन, मग मोजणं अवघड झालं. मारेनबाईंनी पुन्हा खडू उचलला आणि फळ्यावर एक शेत काढायला घेतलं.