दुरुस्ती कुणाची

उस्तादांच्या पोटात दुखायला साडूने काही फार मोठं करावं लागत नसे. त्याने नवा चष्मा केला तरी पुरायचं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांचा धंदा एकच, व्हिडिओ रेकॉर्डर दुरुस्तीचा, आणि दुकानं एकाच रस्त्यावर समोरासमोर. पंचवीस वर्षं उस्तादांनी कामातून मान वर केली की समोर साडूची पाटी. पुढे रेकॉर्डर भंगारात गेले, दुकानं बंद झाली, पाटी उतरली. उस्तादांच्या डोळ्यांत मात्र ती अजून खुपत होती.

त्यामुळे प्रोफेसरबाईंचं बोलावणं आलं तेव्हा ते आधी खूश झाले, आणि साडूलाही बोलावलंय हे कळल्यावर दोन घास कमी जेवले.

प्रोफेसरबाई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. लोकांच्या माळ्यांवरून त्यांनी तेवीस जुने रेकॉर्डर गोळा केले होते आणि जुन्या टेलिफोन कचेरीच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं. अडचण एवढीच, की मशीनच्या तोंडावरच्या नावाला काडीचा अर्थ नव्हता. त्या काळी रेकॉर्डर बनवणारे कारखाने मोजून चार-पाच आणि विकणाऱ्या कंपन्या पन्नास. एकाच कारखान्यातल्या मशीनला कुणी चंदेरी तोंड लावून आपलं म्हणून विकी, कुणी काळं. बाईंना प्रत्येक मशीनपुढे तीन ओळींचं कार्ड ठेवायचं होतं: तोंडावरचं नाव, खरा कारखाना, आणि दुरुस्ती कुणाची. शेवटची ओळ सोपी होती. झाकणाच्या आत दुकानाचा शिक्का असायचाच. चौदांवर उस्तादांचा निघाला, नवांवर साडूचा.

"चौदा," उस्ताद बाईंना म्हणाले. बाईंना मोजता येत होतं, पण साडूला ऐकू जावं म्हणून.

कारखाना ओळखायचं काम मात्र खरं कसबाचं. मेकॅनिक लोकांनी कारखान्यांना आपली नावं ठेवली होती. जाड पत्र्याच्या तळाचा तो 'लोखंड्या', रिवाइंड करताना कुरकुरणारा तो 'म्हातारा', आणि कॅसेट हातातून हिसकावून घेणारा तो 'अधाशी'. उस्ताद डोळे मिटून कॅसेट आत सरकवत, आवाज ऐकत आणि निकाल देत. साडू मशीन उलटं करून तळाचे स्क्रू बघे आणि तोच निकाल हळू आवाजात देई. तो प्रत्येक वेळी बरोबर असे, हीच तर पंचाईत होती.

सतरा नंबरचं मशीन सोनेरी अक्षरांचं, तपकिरी, मोठं रुबाबदार. आत साडूचा शिक्का. साडू चहा आणायला खाली गेला होता, ही संधी साधून उस्तादांनी भिंग लावून त्याच्या कामातली खोट शोधायला घेतली. चित्र वाचणारं हेड बदललेलं होतं. हे सगळ्यात नाजूक काम. केसाएवढ्या तारा, आणि त्या जोडताना सोल्डरचा एक थेंब जास्त पडला की मशीन कायमचं आंधळं. इथे आठही टाके मोहरीएवढे, एकसारखे, झळझळीत. उस्तादांच्या अंगाचा तिळपापड झाला. असं काम साडूच्या हातून? मग त्यांची नजर तारांच्या जुडीवर गेली. प्लॅस्टिकच्या पट्टीऐवजी जुडी काळ्या शिवणाच्या दोऱ्याने बांधली होती. गाठ उलटी, डावखुऱ्या माणसाने मारलेली.

ती गाठ उस्तादांनी झोपेतही ओळखली असती. ती त्यांच्या बायकोची होती.

आता खरं सांगायचं तर उस्तादांचा हात जाड होता. नाजूक काम ते घरी नेत आणि बायको खिडकीशी बसून ते करून देई. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणे, "वा, काय हात आहे." उस्ताद मान डोलावत. अशी वीस वर्षं मान डोलावल्यावर ते काम आपणच केलं होतं असं त्यांना मनापासून वाटू लागलं होतं. पण हीच गाठ साडूच्या मशीनमध्ये? त्यांच्या छातीत असं काही जळलं, की साडूने आणलेला चहा तसाच ठेवून ते घरी निघाले.

बायको कपड्यांच्या घड्या करत होती.

"तू साडूची कामं करत होतीस?"

"हो," ती म्हणाली. "सहा-सात वर्षं. दुपारची."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर करू दिलं असतं तुम्ही?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते मोठ्याने देण्यासारखं नव्हतं. उस्ताद रात्रभर कूस बदलत राहिले. बायकोवर राग धरावा तर स्वयंपाकघर तिचं. सगळा राग मग साडूवर गेला. माझ्या बायकोच्या हातावर याने वर्षानुवर्षं भाव खाल्ला, आणि आता कार्डावरही स्वतःचं नाव लावून मिरवणार. उद्या बाईंसमोर याचं पितळ उघडं पाडायचं, असं ठरल्यावर कुठे त्यांना झोप लागली.

सकाळी हॉल उघडताच त्यांनी साडूच्या मशीनपुढची कार्डं उचलली. नवांपैकी सहांवर तिसऱ्या ओळीत त्यांच्या बायकोचं पूर्ण नाव होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात साडूच्या दुकानाचं.

"तुमच्या साडूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं मला," प्रोफेसरबाई म्हणाल्या. "तुमच्या मशीनमध्येही तशाच गाठी दिसल्या. पण ते तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले होते."

उस्तादांच्या चौदाही कार्डांवर उस्तादांचंच नाव होतं. त्यांना लाज वाटली, हे कबूल करायला हवं. पण लाजेपेक्षा मोठी गोष्ट ही, की तिकडे सहा आणि इकडे शून्य हे त्यांना मुळीच सहन होईना.

"बदला," ते म्हणाले. "चौदाही. तिचं नाव घाला."

"चौदाही?"

"चौदाही."

प्रदर्शनाच्या दिवशी ते बायकोला हाताला धरून थेट आपल्या रांगेपाशी घेऊन गेले. ती एकेक कार्ड वाचत चालली. स्वतःचं नाव वाचताना पहिल्यांदा थांबली, पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. उस्तादांची छाती फुगली. पाचव्या आणि अकराव्या कार्डापाशी ती जरा घुटमळली.

"या दोनांना मी हातही लावला नव्हता," ती म्हणाली.

"असू दे. चौदा आहेत. तिकडे सहाच."

रांग संपवून ती पलीकडच्या टेबलाकडे गेली आणि सतरा नंबरच्या उघड्या मशीनपुढे उभी राहिली. उस्ताद मागोमाग.

"हे माझं सगळ्यात चांगलं झालेलं," ती म्हणाली.

उस्तादांना वाटलं होतं की आता सगळं फिटलं. पण ते मुळीच फिटलं नव्हतं. "आणि माझ्या चौदांत एकही तसं नाही?"

"तुमची मी घाईत केली. तुम्ही दारात उभे राहायचात ना. दर दोन मिनिटांनी 'झालं का' म्हणून." तिचा आवाज साधा होता, तक्रारीचा नव्हता. "तो ठेवून जायचा. म्हणायचा, ताई, सवडीने होऊ द्या."

साडू हॉलच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी 'म्हातारा' आणि 'अधाशी' यांतला फरक समजावत होता. त्याने इकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकोने टेबलावरचं भिंग उचललं, वाकली आणि ते आठ टाके एकेक करून बघू लागली. तिला वेळ लागत होता. मागे माणसं खोळंबली होती. उस्ताद एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, आणि 'झालं का' अगदी ओठांपर्यंत आलं. ते त्यांनी गिळलं. साडूला ते गिळावंच लागलं नसतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं.