गळ्यातला उजेड

संगणकाच्या पडद्यावर माझ्या नवऱ्याचा गळा चमकत होता. छातीत उजव्या बाजूला एक ठिपका चमकत होता, पण तो असणार हे आम्हाला ठाऊक होतं. एवढ्या तपासण्या त्याच्यासाठीच तर चालल्या होत्या. गळ्याचं मात्र आजवर कुणी नाव काढलं नव्हतं.

छातीची डॉक्टर तरुण होती. बोलताना हातातली पेन्सिल फिरवायची तिला सवय होती, आणि त्या दिवशी ती पेन्सिल थांबली.

"हे स्वरयंत्र," ती म्हणाली. "इथं इतकं उजळायला नको होतं. नुसतं बोलल्यामुळेही कधीकधी असं दिसतं म्हणा. काका, इंजेक्शन दिल्यावर त्या खोलीत तुम्ही बोलत होतात का?"

काकांच्या वतीनं उत्तर मी दिलं. आमच्या घरातली सगळी उत्तरं मीच देते.

"हे? आणि बोलणार? डॉक्टर, हे बोलले असते तर मी गावभर दवंडी पिटली असती."

डॉक्टर हसली नाही. तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पंजा उभा करून हलवला. म्हणजे, नाही.

"मग घशाच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल," ती म्हणाली. "तिथं तेच निघालं, तर छातीचं ऑपरेशन आपण म्हणतोय तसं करता येणार नाही. आणि घशाचाही वेगळा विचार करावा लागेल."

"वेगळा म्हणजे? आवाज जाईल?"

"आत्तापासून तिथवर जायला नको," ती म्हणाली. डॉक्टर असं म्हणाले की समजायचं, ते स्वतः तिथवर जाऊन आलेले असतात.

त्या आवाजाशी मी लग्न केलं होतं. माणूस नंतर पाहिला, आधी आवाज ऐकला. लग्नाआधी आम्ही कालव्याच्या काठानं फिरायला जायचो, आणि तेव्हा हा माणूस बोलायला लागला की थांबायचा नाही. खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा आवाज. वाफेवर चाकं कशी फिरतात हे सांगताना असा रंगून जायचा की मला वाटायचं, आपण एका यंत्रावर भाळतोय की काय. मी तेव्हा गप्प असायचे. आज हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

मग ते बॉयलरवर लागले. गरम पाइपांना जाड पांढरे पट्टे गुंडाळायचं काम. त्या पट्ट्यांची धूळ किती वर्षं नाकातोंडात गेली, हे डॉक्टरनं खोदून खोदून विचारलं होतं. पण माझं भांडण धुळीशी नंतरचं, आधीचं आवाजाशी. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचं ओरडणं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे हातानं बोलायचे. दोन बोटं ओठांकडे नेली की चहा. पंजा खाली दाबला की पुरे. हवेत बोट गोल फिरवलं की नंतर बघू. ही भाषा ह्यांनी घरी आणली आणि तीच घरी राहिली. कामावरचे ह्यांना मौनीबाबा म्हणायचे. निवृत्त झाले, खडखडाट थांबला, तरी बाबांचं मौन काही सुटलं नाही.

मला खुणा सगळ्या कळायच्या. पण खुणेत कुणी तुमचं नाव घेत नाही.

माझं बटणांचं, लेस-धाग्यांचं छोटं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन तेच सगळं ह्यांना सांगायचं. तोंडाचा पट्टा सुरू ठेवायचा, कारण तो थांबला की घरात भांड्यांचा आवाज तेवढा उरायचा. हे पेपरात डोकं घालून बसलेले. भिंतीला सांगितल्यासारखं मी सांगायचे. भिंतीनं निदान पेपर तरी वाचला नसता.

खोकला हटेना म्हणून छातीचा फोटो काढला, त्यात डाग दिसला. डाग जुना असेल, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. मग ते मोठं गोल यंत्र, ज्यात माणसाला सरकवतात आणि छातीच्या चकत्या चकत्या बघतात. त्यात डागाला कडा फुटलेल्या दिसल्या, कोळ्याच्या पायांसारख्या. रोज सकाळी उठल्याउठल्या खोकून बेडका डबीत द्यायचा होता, तोही दिला. त्यात काही सापडलं नाही आणि मी वेड्यासारखी खूश झाले. डॉक्टर म्हणाली, डबीत सापडलं नाही म्हणजे छातीत नाही असं होत नाही.

मग ती साखरेची तपासणी. तिथल्या तंत्रज्ञ बाई चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून फार नीट समजावून सांगत होत्या. शिरेतून साखरेसारखं औषध देतात. शरीरात जो भाग जास्त राबतो तो जास्त साखर खातो, आणि चित्रात उजळतो. आजार फार हावरा असतो, म्हणून तोही उजळतो. औषध दिल्यावर तासभर एकट्यानं एका खोलीत स्वस्थ पडून राहायचं, कारण त्या वेळात जो अवयव वापराल तोही उजळणार.

"हात अजिबात हलवायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि बोलायचं तर..."

तिथंच मी हसले. "अहो बाई, ती काळजी सोडा. ह्यांना बोलतं करून दाखवा, दुकान तुमच्या नावावर करते. हातांकडे मात्र लक्ष ठेवा. ह्यांचं तोंड हातातच आहे."

बाईही हसल्या आणि त्यांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. त्यांनी ह्यांना खुर्चीवर आडवं केलं, दोन्ही हात पांघरुणात घट्ट खोचले, दिवा मंद केला आणि ते जाडजूड दार लावून घेतलं. मी बाहेर बसून शेजारच्या बाईला माझ्या गुडघ्यांची कहाणी सांगत राहिले.

आणि आता गळा चमकत होता.

घशाच्या डॉक्टरांची वेळ लगेच मिळेना. मधल्या दिवसांत सुईची तपासणी उरकली. यंत्रात पालथं झोपवून, बरगड्यांमधून लांब सुई घालून डागाचा कण काढला. "श्वास धरा" म्हटलं की हे श्वास धरत होते, "सोडा" म्हटलं की सोडत होते. फुप्फुसातली हवा निसटली नाही ना, हे बघायला परत फोटो. चार दिवसांनी उत्तर आलं. ते तेच होतं. डॉक्टर म्हणाली, एकाच जागी असेल तर कापून काढता येईल, घाबरू नका. सगळं आता त्या गळ्यावर येऊन ठेपलं.

माझा जीव टांगणीला लागला. मला मरणाची भीती वाटत होती, नाही असं नाही. पण खरं सांगते, त्याहून एक भलतंच दुःख आत कुरतडत होतं. ह्यांचा आवाज जाणार, आणि तो मला पुरेसा मिळालेलाच नाही. घरात ठेवलेली वस्तू न वापरता चोरीला जावी तसं. दुकानात कुणी खालच्या पट्टीत बोललं की माझा हात थबकायचा. मला तो कालव्याकाठचा आवाज हवा होता. काहीही बोललेलं चाललं असतं. पाइपांबद्दल बोलले असते तरी चाललं असतं.

एका दुपारी मी दुकान बंद करून आले आणि ह्यांच्यासमोर बसले. "अहो, मला एकदा नावानं हाक मारा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन बोटं ओठांकडे नेली.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. "चहा? मी काय मागतेय आणि तुम्हाला चहा सुचतोय? उद्या गळा गेला तर कुठून आणू तुमचा आवाज? बाजारात मिळतो?" बरंच काही बोलले. पेपर ओढून घेतला. ह्यांनी बोट हवेत गोल फिरवलं फक्त. नंतर बघू. मी मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन रडले, आणि थोड्या वेळानं चहा करून आणला तो ह्यांनीच.

घशाचे डॉक्टर वयस्क आणि गमत्या स्वभावाचे होते. ह्यांच्या नाकात औषध फवारून त्यांनी बारीक नळी आत सरकवली. नळीच्या टोकाला कॅमेरा होता आणि आतलं सगळं पडद्यावर दिसत होतं. गुलाबी भिंती, आणि मधे दोन पांढऱ्या पट्ट्या.

"म्हणा, ई!" डॉक्टर म्हणाले.

"ई..." हे म्हणाले.

"लांबवा. अजून लांबवा."

"ईईई..."

तो आवाज मी ओळखला. इतका वेळ सलग मी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पडद्यावर त्या दोन पट्ट्या जवळ येऊन थरथरत होत्या आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. नुसत्या एका अक्षरावर रडणारी बाई त्या खोलीत ह्यापूर्वी आली नसावी. नर्सनं मला न मागता पाणी दिलं.

"झकास!" डॉक्टरांनी नळी बाहेर काढली. "गळा स्वच्छ आहे. कुठं काही नाही. तुमचं ऑपरेशन अडत नाही."

"मग तो उजळला कसा?"

"वापरला म्हणून. बोलले असतील भरपूर त्या खोलीत."

"शक्यच नाही," मी म्हणाले, सवयीनं.

"बाई, जरा ह्यांना विचारू द्या," डॉक्टर म्हणाले आणि वळले. "काय हो? बोलत होतात?"

नाक पुसत, खाली बघत, माझ्या नवऱ्यानं मान हलवली. हो.

बाहेर गाड्या लावायच्या जागेजवळ एक बाक होता. मी ह्यांना त्यावर बसवलं. आनंद व्हायला हवा होता, झालाही होता, पण त्याच्या आधी राग रांगेत उभा होता.

"कोणाशी बोलत होतात? फोन तर माझ्या पिशवीत होता."

हात वर आला.

"हात खाली. तोंडानं सांगा."

"कोणाशी नाही," हे म्हणाले. औषधानं आवाज जड झाला होता. "खोली फार गप्प होती. तू नव्हतीस."

मी श्वास धरला. इथं मला कुणी सांगावं लागलं नाही. "म्हणून माझ्याशी बोललात?"

"तुझ्याशी नाही. तुझं बोलत होतो."

"म्हणजे?"

ह्यांचे कान लाल झाले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून घेतलं. मग समोरच्या गाड्यांकडे बघत, त्या खालच्या पट्टीतल्या आवाजात हे बोलायला लागले.

"'अहो, ऐकलंत का? आज एक उंच बाई आली होती. नवऱ्याच्या कोटाचं एकच बटण हवंय म्हणे. नवरा गेला, कोट कुणी घालणार नाही, पण बटण हवंच. मी म्हटलं, बाई, असलं बटण आता कुणी बनवतच नाही. तर ती काउंटरला धरून उभीच राहिली हो, हलेचना...'"

ते माझं बोलणं होतं. शब्दन् शब्द माझा. मधला तो "हो" माझा, श्वास घ्यायला थांबायची जागाही माझी. किती वर्षांपूर्वी सांगितलं होतं कोण जाणे, हे तेव्हा पेपर वाचत होते. मग दुसरी गोष्ट आली. लाल धाग्याची एकच रीळ ओढत भांडणाऱ्या दोघी बहिणींची. मग तिसरी. प्रत्येकीची सुरुवात, "अहो, ऐकलंत का?"

"तुम्ही ऐकत होतात?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"न ऐकून सांगतो कुणाला," हे म्हणाले. "रोजचंच होतं ना ते."

"मग त्या छातीच्या डॉक्टर पोरीला का नाही सांगितलं? गळ्यावर बेतलं असतं!"

"काय सांगू? बायकोची नक्कल करत होतो म्हणून?"

मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी ह्या माणसाच्या आवाजासाठी झुरत होते, आणि माझा आवाज ह्यांनी आत सगळा भरून ठेवला होता. समोरून एक गाडी निघून गेली. आता तारीख मिळणार, उजव्या फुप्फुसाचा भाग काढणार. डॉक्टर म्हणाली होती की पुष्कळ जण बरे होतात. पुष्कळ म्हणजे सगळे नव्हेत, एवढं मलाही कळत होतं.

"एक राहिलं," हे म्हणाले. "त्या उंच बाईचं. तू म्हणालीस, उद्या जुने डबे उपसून बघते. मग त्यावर कधी बोललीच नाहीस. त्या खोलीत मी तिथवर आलो आणि अडलो."

"इतक्या वर्षांत विचारता आलं नाही?"

"आता विचारतोय. मिळालं का तिला बटण?"

मला आठवेना. ती बाई अंधुक आठवत होती, कोटही आठवत होता, पण पुढचं काही केल्या आठवेना. आणि हे वळून माझ्या तोंडाकडे बघत होते, मांडीवर हात स्वस्थ ठेवून.

"मोठी गोष्ट आहे ती," मी म्हणाले. "ऑपरेशन होऊन घरी या, मग सांगते."

हे बाकावर माझ्याकडे सरकले.

"थोडी तरी सांग," म्हणाले.