सड्यावरची शेवटची खेप

राजमती बाईंनी बारावा लॅपटॉप पोत्यातून काढून कातळावर ठेवला आणि गुडघे धरून त्या खाली बसल्या. शाहूवाडीकडच्या त्या गावात नेट येत नव्हतं, आणि हे लॅपटॉप नेटशिवाय काहीच करत नसत. म्हणून दोन वर्षं दर शनिवारी सातवीची पोरं ते पोत्यांत भरून गावामागच्या सड्यावर, रेंज मिळणाऱ्या उघड्या कातळपठारावर, आणत. "गुरं पाण्यावर न्यावी तशी," कृष्णात म्हणायचा.

आजची खेप शेवटची. लॅपटॉप देणारी कंपनी आपली सेवा बंद करत होती. संध्याकाळी पाचनंतर पोरांनी लिहिलेलं सगळं पुसलं जाणार होतं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून पोरांनी भाताच्या बावीस जाती लिहून काढल्या होत्या. कुठलं बी कुठल्या वाफ्यात, कुठल्या तांदळाची पेज आजाऱ्याला.

"आपलं लिखाण आपल्याच मशिनीत का न्हाय, बाई?" शांभवीनं विचारलं.

"मशिनीत जागाच ठेवली नाही, बाळ. ही नुसती खिडकी. माल दुसऱ्याच्या कोठारात."

"आणि किल्ली?"

"तीही त्यांच्याकडंच."

सगळं एकदम उतरवून घ्यायचं बटण बाईंनी सकाळपासून नऊ वेळा दाबलं होतं. निम्म्यावर येऊन अडकायचं, की पुन्हा पहिल्यापासून. एकेक पान मात्र रखडत का होईना उघडत होतं. शेवटी त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या.

"एकानं वाचायचं, एकानं लिहायचं."

"म्हंजी शेवटी वहीच की," कृष्णात म्हणाला. "मग ही वझी कशाला आणली वर?"

बाईंनी वह्या वाटल्या. लॅपटॉपवर लिहिलेलं कधी हरवत नाही, असं वर्गात त्यांनीच सांगितलं होतं. पोरांच्या कच्च्या वह्या रद्दीत घातल्या, त्याही त्यांनीच.

पाचला दहा कमी असताना एकवीस जाती वहीत उतरल्या. राहिलं शांभवीचं पान. त्यात तिनं हौसेनं फोटो घातलेले, त्यामुळं ते उघडता उघडेना. उघडलं, तिनं चार ओळी लिहिल्या, आणि पान गेलं. पांढऱ्या पडद्यावर कंपनीनं आभार मानले होते.

शांभवी पडद्याकडं बघत राहिली. "बसाप्पा आजोबांनी सांगितलेलं जिरगा भाताचं. आता ते शिरोळला लेकीकडं गेल्यात. फोनवर त्यास्नी ऐकू येत न्हाय."

"माझं माहेर शिरोळचं," बाई म्हणाल्या. दोन एस्ट्या बदलायच्या, आणि हे गुडघे. "उद्या रविवार. जाते. काय विचारायचं ते लिहून दे."

ती वहीचं पान फाडून लिहायला बसली. बाकीची पोरं बंद पडलेले लॅपटॉप पोत्यांत भरू लागली. वजन तेवढंच होतं.

"जूनात नवीन येणार म्हणं," कृष्णात म्हणाला. "ते बी असलंच?"

"असलेच. पुढं सगळे असलेच येतील."

"मग पोती फेकाय नगं," तो म्हणाला, आणि त्यानं आपलं पोतं खांद्यावर घेतलं.

शांभवीचे प्रश्न अजून संपले नव्हते. बाई कातळावर बसून राहिल्या.