अडतीस बाटल्या, एक मामा

आमच्या गल्लीतल्या अडतीस माणसांची लघवी इतकी शुद्ध निघाली, की प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्याने मला हातातलं काम टाकून यायला सांगितलं.

आधी गल्ली सांगते. एका टोकाला नळांना क्रोमियमची चकाकी देणारा कारखाना, दुसऱ्या टोकाला हापसा, मधे आम्ही. कारखान्याचं धुवण जमिनीत मुरतं आणि हापशातून पिवळसर होऊन वर येतं. चकाकते नळ सगळ्या जगाला, आमच्या गल्लीत एकही नाही. तीन वर्षं अर्ज केले. एकदा तर ते पिवळं पाणी पेल्यात घालून पाणी समितीच्या साहेबांपुढे ठेवलं, तर त्यांनी आधी खुर्ची मागे सरकवली आणि मग म्हणाले, पाण्यात क्रोमियम आहे हे कबूल, पण ते तुमच्या अंगात जातं याला पुरावा काय? म्हणजे आम्ही पाणी उपसतो ते नुसतं बघत बसायला.

शेवटी ठरलं की माणसंच तपासायची. लघवीत क्रोमियम किती उतरतं ते मोजायचं. आकडा हद्दीबाहेर गेला तर समिती हापसा बंद करून नळाची लाइन देणार आणि धुवण अडवणार. नाही गेला तर फाइल बंद, कायमची. बाटल्या वाटायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी आरोग्य केंद्रात नोंदी करते आणि राहते याच गल्लीत. शिवाय माझी सहा वर्षांची पोर. वर्षभर तिच्या हातांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते. चौदा नंबरची बाटली तिची.

तर चष्मेवाल्याने कागद माझ्यापुढे सरकवला. क्रोमियम कुणातच नाही, नावालासुद्धा नाही. माझं तोंड उतरलेलं बघून तो हळूच म्हणाला, "बाई, एक विचारू? तुमची सहा वर्षांची पोरं सिगारेटी ओढतात का?"

तंबाखूचा अंश ते आपसूकच मोजतात म्हणे. तो अडतीसही बाटल्यांत होता, आणि अगदी सारखा. गल्लीतली सत्तर वर्षांची म्हातारी आणि माझी पोर, दोघी रोज एक पाकीट ओढत होत्या. शिवाय सगळ्यांची लघवी सारखीच पातळ. त्याला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून त्याने दोनदा धुऊन पुन्हा लावलं होतं.

यंत्राला काही झालेलं नव्हतं. रोज एक पाकीट ओढणारा माणूस माझ्या घरातच होता. सासूबाईंचा धाकटा भाऊ, आमचे मामा. दहा महिने ट्रकवर असतात. बाटल्या गोळा केल्या त्याच्या आदल्याच संध्याकाळी ते मुक्कामाला आले होते.

घरी पोचले तर सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, पास झालो ना गं सगळे?

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी मी पहाटेच पेटी आणायला केंद्रात गेले, आणि माझी पाठ वळताच मामांना मोरीत बसवलं होतं. तांब्यावर तांब्या पाणी पाजलं, तेही मामांच्या ट्रकमधल्या कॅनचं, कारण हापशाचं पाजून चालणार नाही एवढी अक्कल सासूबाईंना होती. उत्पादन बादलीत जमा होत होतं आणि सासूबाई माझ्याच दुधाच्या मापाने घरोघरी वाटत होत्या. शिंपीण दोन मापं घेऊन गेली, तिच्याकडे पाहुणी होती. दहा वाजता मी दारोदार फिरून त्याच बाटल्या पेटीत ठेवल्या आणि सहकार्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले. हे ऐकल्याबरोबर दुधाचं माप मी गटारात फेकलं.

"आई, तुम्ही असं का केलंत?"

"कारखान्याचा मुकादम सांगून गेला. ज्याची लघवी वाईट निघेल तो अंगाने नालायक, त्याला कामावरून घरी पाठवणार. अर्धी गल्ली तिथेच राबते, बये. तुझा नवरापण."

ओठांवर आलेलं हसू कुठल्या कुठे गेलं. माणसाला विष पाजायचं आणि वर म्हणायचं, तुझ्यात विष सापडलं तर तू नालायक. हा मुकादम माझ्याकडेही आला होता, नंबरांपुढची नावं मागायला. तेव्हा मी त्याला चहा दिला होता. आपल्याला सभ्यपणाचा रोग आहे, तो कुठल्याच बाटलीत दिसत नाही.

त्या संध्याकाळी मी हापशावर सगळ्यांना गोळा केलं आणि शिव्यांपासून सुरुवात केली. नावांची वही एकच आहे, म्हटलं, आणि ती आजपासून सासूबाई सांभाळतील. कागदावर नुसते नंबर. आणि अडतीसच्या अडतीस जण नालायक निघाले, तर नळ घासायला मुकादम स्वतः बसणार आहे का? यावर शिंप्याला हसू आलं, तो हसला म्हणून शिंपीण हसली, आणि मग कुणाला थांबवताच येईना. मामा तेवढे खट्टू झाले होते. मेहनत पाण्यात गेली म्हणाले.

पहिल्या फेरीनंतर दहा दिवसांनी दुसरी फेरी झाली. सासूबाई वहीवर बसून होत्या, चार दिवस खरोखर बसून, उठल्याच तर वहीसकट उठत. मामांना दारावर पहाऱ्याला ठेवलं, कुणी कुणाची आणू नये म्हणून. त्यांचंही मन राखायला हवं, म्हणून मी एकोणचाळिसावी बाटली त्यांना दिली. या खेपेला आपण एकच भरायची, हे त्यांना जरा कमीपणाचं वाटलं.

समितीच्या बैठकीत आकडे आले. सगळी गल्ली हद्दीबाहेर. चौदा नंबर हद्दीच्या तिप्पट. मी तो आकडा दोनदा वाचला आणि कागद घडी करून पदराखाली धरला.

कारखान्याचा वकील उठला. म्हणाला, क्रोमियम काय, स्टीलच्या भांड्यांतून येतं, खाण्यातून येतं, सिगारेटीतून येतं. या लोकांचं राहणीमानच असं. समितीच्या माना हलायला लागल्या. त्या माना कुठल्याही वाऱ्याने हलतात.

तेव्हा चष्मेवाला उठला. बादलीची गोष्ट मी त्याला आधीच सांगितली होती. त्याने आधी ते जुने अडतीस कागद टेबलावर मांडले, मग एकोणचाळिसावा. म्हणाला, हा एकच माणूस आहे. स्टीलच्या ताटात जेवतो, पाकीटभर सिगारेटी ओढतो. गल्लीत आला त्याच्या दुसऱ्या सकाळी अंगात क्रोमियम शून्य. आणि याच्याइतकी खात्रीने तपासलेली लघवी या खात्याच्या दप्तरात दुसरी नाही, कारण ती आपण अडतीस वेळा मोजली आहे. त्यानंतर तो दहा दिवस हापशाचं पाणी प्यायला. आता हा बघा त्याचा आकडा.

गल्लीसारखाच हद्दीबाहेर, फक्त रांगेत शेवटी.

अध्यक्षांनी विचारलं, हे गृहस्थ आलेत का. मामा उभे राहिले, शर्ट खाली ओढला. "साहेब, दहा महिने डिझेल आणि धूळ खाल्ली, काही झालं नाही. बहिणीकडे आराम करायला आलो आणि नासलो."

मागून सासूबाई म्हणाल्या की भाऊ नासला तो कारखान्याच्या पाण्याने, त्यांच्या स्वयंपाकाने नाही, एवढं लिहून घ्या. अध्यक्षांना हसू आवरेना, आणि हसताहसताच त्यांनी सही केली. माझ्या तीन वर्षांच्या अर्जांनी जे झालं नाही ते एका बादलीने झालं. याचा मला आनंद आहे आणि संतापही आहे, आणि दोन्ही मी जपून ठेवणार आहे.

हापशाला कुलूप लागलं. धुवणाचा पाइप सिमेंटने बुजवला. कुणालाही कामावरून काढलं नाही, मुकादम हल्ली रस्ता बदलून जातो. नळ आला तो कारखान्याच्याच चकाकीचा, पण पाणी बिनरंगाचं.

दोन महिन्यांनी चष्मेवाल्याने तिसरी फेरी काढली. मामा ट्रकवर गेलेले. मी पेटी घेऊन दारातून निघतच होते, तोवर माझी पोर मोरीतून बाहेर आली, चौदा नंबरची बाटली काठोकाठ भरून, दोन्ही हातांत धरून, एक थेंब न सांडता. त्या हातांची कातडी जागेवर होती.

"ही माझीच आहे," ती म्हणाली. "पाहिजे तर वास घे."