माणसाला इचारल्याबिगर न्हाई

भैरोबाची आन घिऊन सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर जीभ झडंल माझी!

तेजश्री म्हंजी खुटबावच्या हौसरावची भाची. शिक्रापूरला खोली घिऊन राहायची आन् एका कंपनीसाठी माहितीपुस्तकं लिव्हायची. त्या कंपनीनं एक अवजार काढलेलं. एआय एजंट म्हंत्यात ना, त्यो बिनहाताचा, बिनडोळ्याचा गडी, त्याला ते अवजार डोळं देतं आन् हात देतं. मग त्यो कॉम्प्युटरचा पडदा बघतो, बाण हलवतो, बटणं दाबतो. माणूस बाजूला बसून नुस्ता बघतो. ह्ये कसं चालवायचं, कुठं जपायचं, ते तेजश्रीनं लिव्हायचं.

खरं काम बघून लिव्हावं म्हणून ती मामाकडं आली. हौसरावचं दूध संकलन केंद्र. दूध टँकरनं गेलं की कॉम्प्युटरवरनंच टाकी धुवायची. आदी गारवा बंद, मग खालचा कॉक उघडायचा, मग गरम पाणी. ती धुलाई एजंटनं कशी करायची, ह्यो तिचा धडा.

"टाकी भरलेली हाय मामा, तर मी निस्ती सुरवात करून बघते. दर पायरीला त्यो इचारतो. माणसानं एंटर दाबल्याबिगर पुढं सरकत न्हाई."

"आन् सरकला तर?"

"अवो, मीच लिव्हलंय तसं!"

"लिव्हलंय म्हणून व्हय? आपल्या एस्टी स्टँडवर लिव्हलंय, थुंकू नका."

मामा हसत टाकीकडं गेला. पडद्यावर सवाल आला, 'गारवा बंद करू का?' तेजश्री त्याचा फोटू काढती न् काढती तोवर मामी, साखरबाई, ताट घिऊन दारात. खंडेनवमी होती. इळा, कुऱ्हाड, दुधाचा काटा, मोटरसायकल, समदं पुजायचं, आन् पुजलेल्याला दसरा उजाडंस्तवर हात लावायचा न्हाई.

"ऊठ गं. यंत्राची पूजा."

"मामी, जरा थांबा की."

"मुहूर्त थांबतोय व्हय तुझ्यासाठी?"

तेजश्री उठली. कुणी एंटर दाबल्याबिगर गडी हलायचा न्हाई, मग भ्यायचं कशाला? ती मोरीवर हात धुवायला गेली.

माघारी आली तर बघती काय! पडद्याला हळदकुकू फासलेलं, वर झेंडूची माळ. आन् कीबोर्डाच्या उजव्या अंगाला शेंडीवाला नारळ बसवलेला, बरूबर एंटरवर. कॉम्प्युटरम्होरं कुणी न्हाई, आन् बाण आपसूक चालतोय!

'गारवा बंद केला. टाकीत दूध दिसत आहे. तरी पुढे जाऊ का?'

नारळ म्हणाला, व्हय.

'खालचा कॉक उघडू का?'

टाकीत आख्ख्या गावचं सकाळचं दूध. ते गटारीत गेलं तर उद्या मामाच्या दारात कुणी किटली घिऊन फिरकायचं न्हाई. आन् मामाला बुडवणारी कोण, तर सख्खी भाची. ती झेपावली, तर मामीनं मनगट धरलं.

"पुजलेल्याला हात लावती? इपरीत घडंल!"

"मामी, घडतंयच! सोडा मला!"

'आभारी आहे. उघडतो.'

भिंतीपल्याड घरघरलं, मग खळखळ सुरू झाली. गोठ्यातल्या झाडून साऱ्या म्हशी एकदम रेकल्या. तेजश्रीनं हिसडा मारून नारळ उचलला आन् थांबायचं बटण दाबलं. गडी थांबला, पर कॉक उघडाच राहिला. खळखळ काय थांबंना.

पडद्यावर नवा सवाल आला, आन् त्याच्या मधल्याच शब्दावर मामीनं कुकवाचं बोट वढलेलं. 'कॉक' दिसतंय, 'करू का?' दिसतंय. मधी काय हाय? बंद, का पुरता मोकळा? एजंटला दिसतंय, माणसाला दिसंना. तेजश्रीचं बोट एंटरवरच अडलं. व्हय म्हणावं तरी मरण, न्हाई म्हणावं तरी मरण.

तिनं वढणीनं कुकू खसकन पुसलं. मामी किंचाळली, "आगं सटवे!"

'बंद.'

तेजश्रीनं एंटर दाबली. खळखळ थांबली. मग हौसराव दारात आला, धोतार गुडघ्यापतुर भिजलेलं.

"तेजे, टाकी मला अंघूळ का घालतीया गं?"

गेलं ते घमेलंभर दूध. बाकीचं गार करून टँकरात चढवलं, आन् गावानं दसऱ्याला किटल्या आणल्या. तेजश्रीनं मातूर त्या धड्यातलं 'माणसाने एंटर दाबल्याशिवाय पुढे जात नाही' हे वाक्य खोडलं आन् खाली लिव्हलं, 'हे अवजार विचारते. पण उत्तर देणारा माणूसच आहे का, हे त्याला कळत नाही.'

बरं, भैरोबाची आन घेतली हाय, तर सांगून टाकते. साऱ्या म्हशी न्हाई रेकल्या. एकच रेकली, आन् तीबी पेंडीसाठी.