राशीभोवतीची रेघ

सोपानने गुडघा टेकला आणि भुसकटात उमटलेल्या पायाच्या बोटांवर हलकी फुंकर घातली. वरचा कोंडा उडाला. खाली अंगठ्याची खोलगट खूण स्पष्ट दिसू लागली. मागे उभी असलेली दहाबारा माणसं आपल्या श्वासानेच ती पुसली जाईल अशा बेताने मागे सरकली.

“एक पाटी आणा,” तो म्हणाला.

पाटी आली. त्याने ती ठशावर पालथी घातली, वर दगड ठेवला आणि हात झटकत उभा राहिला. सरहद्दीवर असंच करतात. गावाला ते ठाऊक नव्हतं, पण काहीतरी सरकारी घडलं एवढं कळलं.

टाकवे बुद्रुकात त्याला सगळे फौजदार म्हणत. आपण असतो राजस्थानच्या वाळवंटात, सीमा सुरक्षा दलात, ठाण्यातल्या फौजदाराशी आपला काही संबंध नाही, हे त्याने मागच्या रजेत चारचौघांना समजावून पाहिलं होतं. पण ज्याच्या खांद्यावर तारे तो फौजदार, असा गावाचा सरळ न्याय. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढल्या साली, ऐन झोडणीच्या दिवसांत तो रजेवर आला आणि आठवडाभरात त्याच्या बापाच्या राशीला कुणीतरी हात लावला.

रास खळ्याच्या मधोमध होती. झोडून, वारवून ढीग केलेलं आंबेमोहर भात. गुरुवारी पूजा करून मगच ते मापायचं, तोवर हात लावायचा नाही. म्हणून कोंडाजी, म्हणजे सोपानचा बाप, रोज संध्याकाळी मुठीतून चुलीची राख सोडत राशीभोवती रेघ ओढी. जाडजूड, न अडखळणारी रेघ. आज सकाळी ती एका बाजूला मोडलेली होती आणि पुन्हा जोडलेली होती. जोडलेला तुकडा बारीक होता, थरथरत्या हाताने काढल्यासारखा.

“लबाडी बगा,” पोलीसपाटील बाजीराव म्हणाले. “चोरी करून वर रेघ बी वडून गेला!”

“खरी लबाडी ती नाही,” सोपान म्हणाला. आवाज त्याला हवा होता तसाच शांत लागला. “या ठशांच्या दोन ओळी आहेत. दोन्ही ओळींत बोटं राशीकडेच आहेत. येतानाचा माग आहे, जातानाचा नाही. मग माणूस गेला कुठून?”

लोक एकमेकांकडे बघू लागले. पाच वर्षांपूर्वी याच खळ्यावर पेंढ्या वाहणारा पोरगा आता बोलत होता आणि बाजीराव पाटील ऐकत होते. ते सुख त्याला नाकारता आलं नाही.

“दुसऱ्या ओळीतले ठसे खोल आहेत. अंगावर ओझं होतं. बोटांनी कोंडा मागे ओढलाय. तो उलटा चालत गेला, पाटील. आमच्याकडे तस्कर हेच करतात. पलीकडे जायचं, पण माग अलीकडे आल्याचा ठेवायचा.”

“आरं तिच्या!” कुणीतरी म्हणालं.

“आणि गेला त्या बाजूला.” त्याने हात केला. खळ्याची ती कड डोंगराकडे होती. तिकडून एक पायवाट फुटून ओढ्याला जाई आणि ओढ्यापलीकडे वर ठाकरवाडी.

मग कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. राखणीला कान्हू होता. वाडीतला कान्हू ठाकर, गेली कितीतरी सालं कोंडाजीच्या खळ्यावर झोपणारा. त्याला रात्रीचं विचारलं तर तो एकच सांगत होता, “झोप लागली व्हती.” राखणदाराने झोप लागली म्हणणं म्हणजे आपल्याच हाताने आपली भाकर चुलीत टाकणं. तरी तो तेच सांगत होता. त्याचा पाय ठशाशेजारी ठेवून पाहिला. टाच कुठेच नीट उमटलेली नव्हती, बोटं मात्र पसरट होती आणि अनवाणी चालणाऱ्या कुणाचीही बोटं पसरटच असतात. मापात बसला म्हणायला तेवढं पुरलं.

“पाय बघू नका साहेब, चाल बघा,” असं चौकीवरचा म्हातारा मागकाढ्या सोपानला सांगत असे. त्या वेळी ते त्याला आठवलं नाही.

पाटलांनी एकाला सायकलवर वडगावला पिटाळलं. शिपाई येईस्तोवर कान्हूला आंब्याखाली बसवून ठेवलं. त्याची बायको चिमाबाई वरून धावत आली आणि बांधापाशी थबकली. खळ्यावर पाऊल टाकायची तिला हिंमत झाली नाही. एकदा शिपायाने नेलं की कान्हू सुटून आला तरी चोर म्हणूनच येणार होता. मग ना राखण, ना झोडणी, ना कुणाच्या बांधावर उभं राहू देणं. हे तिला कळत होतं, कान्हूला कळत होतं आणि खरं तर तिथल्या सगळ्यांनाच कळत होतं.

दुपारी सोपान जेवायला घरी आला. त्याच्या आईने, धोंडाबाईने, पान वाढलं. पोराच्या ताटात तिने न मागता दुसरी भाकरी टाकली.

“कुणाला धरलं?” तिने विचारलं.

“कान्हूला.”

तिचा हात ताटावरच राहिला. मग ती उठली आणि माजघरातल्या कणगीकडे गेली. गेल्या सालचं भात तळाला लागलं होतं. कोपरापर्यंत हात घालून तिने टोपलीत चार मुठी काढल्या, टोपलीची कड कपाळाला लावली आणि तशीच, कणगीकडे तोंड ठेवून, तीन पावलं मागे सरली. तिथे थांबून तिने मान लववली. मग वळली.

सोपानने हातातला घास ताटात परत ठेवला.

हे तो रांगत होता तेव्हापासून बघत आला होता. रास असो, कणगी असो, दाणा घेतल्यावर तिकडे पाठ करायची नाही. सासूने तिला शिकवलं होतं, लक्ष्मीने आपली पाठ बघितली की ती आपल्याला पाठ दाखवते. लहानपणी या उलट्या चालीवरून त्याने आणि नंदाने आईची नक्कल करून मारही खाल्ला होता. बाडमेरच्या वाळूत उलट्या चालीचा अर्थ एकच होता. इथे दुसरा होता, आणि तो त्याच्या घरात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक उगीच म्हणत नाहीत.

“आये,” तो म्हणाला. गावात आल्यापासून जिभेवर ठेवलेली शहरी भाषा गळून पडली. “तू गेलतीस?”

धोंडाबाईने टोपली खाली ठेवली. नाकारायचं तिच्या मनातही आलं नाही.

“नंदा बाळंत झालीया. पोरगी झाली. घरात दाना न्हाई तिच्या. त्याचं हाटेल चालंना, रस्त्याचं काम काढलंय म्हनं तितं.”

नंदाबाई त्याची पाठची बहीण. कार्ल्याच्या फाट्यावर चहाचं दुकान असलेल्या एका पोराबरोबर ती आपल्या मनाने निघून गेली, त्या दिवशी कोंडाजीने अंघोळ केली आणि ती आपल्याला मेली म्हणून सांगितलं. तेव्हापासून तिचं नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं. सोपाननेही नाही. रजेवर येता-जाता त्याची एसटी त्याच फाट्यावर थांबे. तो खिडकीतून दुसऱ्या बाजूला बघत असे. आत्ता ते आठवून त्याला मनापासून लाज वाटली.

“कनगीतलं काडलं तर त्येंच्या ध्यानात येतं,” आई म्हणाली. “रास मापली न्हाई आजून. म्हनलं, कळायचं न्हाई. कान्हू घराकडच्या अंगाला निजला व्हता, म्हनून डोंगराकडनं गेले. उद्या येकवीरेची वटी भराया जाते म्हनून सांगितलंय. तिकडनं फाट्यावर दिलं आसतं.” तिने पदर खोचला. “पर कान्हूचं नाव नगं. मी जाते आन् सांगते.”

“आबा काय करतील?”

“काय करायचं ते करतील. मला घराभाईर काडायचं वय न्हाई माजं. पर नंदाकडं जाऊ द्यायचे न्हाईत परत. तोंड बगू द्यायचे न्हाईत.” तिने टोपलीतला एक खडा वेचून टाकला. “तान्ही पोर हाय रं.”

“तू थांब,” सोपान म्हणाला. “मी जातो.”

काय सांगायचं हे ठरवून तो निघाला नव्हता. खळ्यावर पोचला तेव्हा माणसं सकाळपेक्षा वाढली होती. चोर धरलेला, शिपाई येणार, असा दिवस रोज कुठे उगवतो? कान्हू आंब्याच्या मुळीवर बसून गवताची काडी चावत होता. कोंडाजी राशीच्या पलीकडे एकटाच उकिडवा बसला होता.

“पाटील,” सोपान म्हणाला, “कान्हूला सोडा. माझी चूक झाली.”

“कसली चूक?”

“माग चुकीचा काढला मी. हे चोराचे पाय नाहीत.”

“मंग कुनाचं हायेत?”

सोपानने पालथ्या पाटीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. पाटील वाट बघत राहिले. मागून कुणीतरी खोकलं आणि त्या खोकल्यात हसू होतं.

“आवं फौजदार, तितं बाडरवर बी आसंच धरता व्हय? चोर सोडून संन्याशाला फाशी?”

आता उघडच हशा पिकला. सकाळी मिळवलेलं सगळं दुपारी धुपून गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. सोपान खाली मान घालून उभा राहिला.

कोंडाजी इतका वेळ पोराच्या तोंडाकडे बघत होता. तो उठला, राशीला वळसा घालून आला, दगड बाजूला सारला आणि पाटी उचलली. खाली वाकून त्याने तो ठसा पाहिला. मग पुढचा पाहिला. मग खळ्याच्या कडेपर्यंत, एकेक ठशाशी थांबत, तो चालत गेला. कडेला दोन पावलं जुळवून कुणी उभं राहिल्याची खूण होती. सकाळी सोपानने तीही पाहिली होती आणि तस्कर कानोसा घेत थांबला असेल असं स्वतःशी ठरवलं होतं. कोंडाजी त्या खुणेशी बराच वेळ थांबला.

परत आला तेव्हा त्याने पाटी भुईवर आपटून कोंडा झाडला.

“रास म्या मोडली,” तो म्हणाला.

“आं?” पाटील म्हणाले. “आरं, सकाळी बोंब तर तूच ठोकलीस!”

“इसरलो. रातीला काडलं थोडं. बियान्याला.”

“आन् ह्ये पाय?”

“माजंच.”

कोंडाजीचा पाय केवढा, हे गावाला माहीत होतं. त्याच्या मापाची वहाण तळेगावच्या बाजारात मिळत नसे. बाजीराव पाटलांनी त्या पायाकडे पाहिलं, ठशाकडे पाहिलं आणि पटका सारखा केला. म्हातारा माणूस चारचौघांत आपण होऊन येडा ठरत असेल, तर त्याला अडवण्यात अर्थ नसतो, एवढं पाटलांना कळत होतं.

“म्हातारपन वाईट,” ते म्हणाले. “चला रं. शिपाई आला तर च्या पाजून लावून देऊ.”

माणसं पांगली. काही जण हसत गेले, काही कुजबुजत. चिमाबाई आधीच ओढ्याकडे निघाली होती. कान्हूने घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. सोपान त्याच्याजवळ गेला. माफी कशी मागतात हे त्याच्या खात्यात शिकवलं जात नाही.

“कान्हू, खरंच झोप लागली होती तुला?”

कान्हूने तोंडातली काडी काढली. फौजदाराकडे त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“लागली व्हती म्हनलं न्हवं?” तो म्हणाला आणि बायकोच्या मागे निघाला.

संध्याकाळी तो राखणीला आला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नव्हतं. कोंडाजी घरून राखेची टोपली घेऊन आला. त्याने वहाणा खळ्याबाहेर काढल्या. सोपाननेही बूट काढले. बुटात राहून त्याची पावलं बायकी गोरी झाली होती आणि खळ्यावरचा कोंडा त्यांना टोचत होता.

कोंडाजीने मूठ भरली आणि वाकून रेघ सोडायला सुरुवात केली. जुनी रेघ झाकली गेली, तो बारीक, थरथरता तुकडाही. डोंगराकडची बाजू झाली, ओढ्याची झाली, रस्त्याकडची झाली. घराच्या बाजूला येऊन, दोन्ही टोकांत हातभर जागा उरली असताना, तो सरळ झाला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

तुटलेली रेघ दिसली की सोपानची नजर आपोआप तिथेच जायची. सरकार त्याला पगार त्याचाच देत होतं.

“आबा, हितं राहिलं.”

“राहू दे.”

कोंडाजीने उरलेली राख आंब्याच्या बुडाशी ओतली. टोपली आपटली. वहाणा पायात चढवायला तो वाकला. वाकल्या वाकल्याच बोलला, त्यामुळे त्याचं तोंड दिसलं नाही.

“उद्या येकवीरेला जानार म्हनती तुजी आई. तू बी जा संगट. गठुडं जड आसंल.”